मामाजींची फिल्लम

शिवरात्र जवळ आली की चंद्रपूरची हवा चार-आठ दिवस मोठी लबाड होते. पहाटे गोधडी सोडवत नाही आणि अकराच्या सुमाराला ऊन पाठीला चावायला लागतं. मूल गावच्या रस्त्याला पानं गळून गेलेले पळस लालभडक उभे असतात आणि मधूनच आंब्याच्या मोहराचा वास येऊन जातो. मला हे दिवस बाधतात. गुडघ्यांना तर बाराही महिने बाधतात, पण या दिवसांत मन बाधतं. हातातलं काम टाकून मी खिडकीशी जाते आणि उगीच नाकानं काहीतरी शोधत राहते. त्या मोहराच्या वासात मला हायपोचा वास हवा असतो. हायपो म्हणजे फोटो पक्का करायचं औषध, आंबूस आणि नाकात ठाण मांडून बसणारं. कुणाला सांगितलं तर हसतील, पण माझ्या तरुणपणाचा वास तोच आहे.

यंदा याच दिवसांत नात आली होती. तिला छायाचित्रकारांवरच्या माहितीपटांचा नाद आहे. दुपारी पडदे ओढून घ्यायचे आणि एकामागून एक बघायचे, असे आमचे चार दिवस छान गेले. देशोदेशीचे फोटोवाले पाहिले. त्यात माझ्या एक लक्षात आलं, की माहितीपटातला फोटोवाला फार चालतो. भिजलेल्या रस्त्यावरून चालतो, समुद्राच्या कडेनं चालतो, मग थांबून लांब कुठंतरी बघतो आणि मागून कुणीतरी गंभीर आवाजात सांगतं, की तो प्रकाशाच्या शोधात आहे. त्याला घाम येत नाही. त्याच्या घरी पाणी कोण भरतं, फोटो धुवायला ते किती लागतं, हे एकही माहितीपट सांगत नाही. मी हे बोलून दाखवलं तर नात म्हणाली, "आजी, तू फार खवचट आहेस." मी म्हटलं, "माझ्या सासऱ्यांवर फिल्म निघाली होती बाई. मला तेवढा अधिकार आहे."

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग माझ्या ध्यानात आलं, की आपण हे घरात कधी धड सांगितलेलंच नाही.

तेव्हा चंद्रपूरला चांदा म्हणायचे. माझं माहेर वर्ध्याचं. मॅट्रिक होऊन, लग्न होऊन मी चांद्याला आले आणि फोटोवाल्याच्या घरात पडले. सासूबाई आधीच गेलेल्या. नवरा जंगल खात्यात, आलापल्लीला. घरात मी आणि मामाजी. आमच्याकडं सासऱ्यांना मामाजी म्हणतात. अंगानं काटक, डोक्याला काळी टोपी, बोटं औषधांनी कायमची तपकिरी. गावात दुकान होतं, पण त्यांचा खरा हंगाम म्हणजे जत्रा. त्यातही मार्कंड्याच्या महादेवाची. दरवर्षी शिवरात्रीच्या आधी ते कॅमेरा, काचांच्या पेट्या आणि पडदा घेऊन निघायचे. मूलपर्यंत मोटार, पुढं बैलांची बंडी, मग वैनगंगा डोंग्यानं पार करायची. मी घरात आल्यावर स्वयंपाकाला म्हणून मला न्यायला लागले. निदान सांगायचं कारण तेच होतं.

तो कॅमेरा आजच्या पोरांना फर्निचर वाटेल. सागवानी पेटी, तीन पाय, पुढं भिंग, मधे चामड्याचा भाता आणि मागं दुधी काच. डोक्यावर काळं कापड घेऊन त्या काचेत बघायचं. काचेवर माणूस उलटा दिसतो, पाय वर, डोकं खाली. पितळी चकती फिरवत न्यायची, धूसर चित्र हळूहळू स्वच्छ होतं आणि मग डोळ्यांच्या पापण्यासुद्धा मोजून घ्याव्यात. मग दुधी काचेच्या जागी औषध लावलेली फोटोची काच सरकवायची, भिंगावरची टोपी हातानं काढायची, तीन अंक म्हणायचे आणि परत लावायची. एवढा वेळ समोरच्यानं गप्प राहिलंच पाहिजे. मामाजी मोठ्यानं म्हणायचे, "श्वास धरा. एक, दोन, तीन. झालं!" ते 'झालं' ऐकू येईपर्यंत माणूस काय, माणसाच्या कडेवरचं लेकरूही हलत नसे. तीस वर्षं त्यांनी त्या जत्रेला हे वळण लावलं होतं.

आणि पडदा! त्यावर राजवाडा होता, संगमरवरी जिना होता, तळं होतं आणि तळ्यात दोन पांढरे पक्षी होते. मामाजी त्यांना हंस म्हणत, मला ती बदकं वाटत. माणसं आपली ठेवणीतली लुगडी, धोतरं नेसून त्या जिन्यापाशी अशी उभी राहत, की वाटावं यांचा रोजचा वावर इथलाच.

मुंबईहून माहितीपट काढणारे दोघे आले ते अशा जत्रेत. एक दिग्दर्शक, त्यांना आम्ही साहेब म्हणायचो, आणि एक कॅमेऱ्यावरचा अबोल माणूस. ठिकठिकाणचे फोटोवाले दाखवणारी एक छोटी फिल्म त्यांना करायची होती आणि नागपुरात कुणीतरी त्यांना मामाजींचं नाव सांगितलं होतं. मामाजी तोंडानं म्हणाले, "आमचं काय दाखवता साहेब, जत्रेतले लोकं आमी." पण आत जाऊन त्यांनी पेटीच्या तळातला काळा कोट काढला आणि माझ्याकडं इस्त्रीला दिला. इस्त्री कुठली जत्रेत. मी तांब्यात निखारे घालून तो जमेल तसा नीट केला.

त्यांना ती फिल्म हवी होती. फार हवी होती. शहरातले स्टुडिओवाले त्यांना 'जत्रेवाला' म्हणायचे आणि त्या शब्दात काय असायचं ते मी दुकानात बसून पुष्कळदा ऐकलं होतं. एकदा काचा वाळत घालताना ते मला म्हणाले होते, "सुनबाई, म्या इतक्या लोकाइले कागदावर ठेवलं. मले कोनी ठेवलं नाई." आणि पुढं वेळ नव्हता, हेही त्यांना ठाऊक होतं आणि मला.

कारण मामाजींच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. हे कुणी कुणाला सांगितलेलं नव्हतं. आदल्या जत्रेत दोन फोटो धूसर निघाले तेव्हा मी समजले. त्यानंतर त्यांनी कापडातून डोकं बाहेर काढलं, की मी पुढं व्हायची आणि म्हणायची, "कापडावर धूळ बसली, झटकते." कापड झटकायचं निमित्त करून मी आत डोकं घालायची, चकती हवी तेवढी फिरवायची आणि बाजूला व्हायची. ते आभाळाकडं बघत उभे राहायचे. आम्ही एका शब्दानं कधी यावर बोललो नाही. स्वयंपाकाचं कारण किती खरं होतं ते आता कळलं असेल.

तर पहिला दिवस. साहेबांनी आधी जत्रेची गल्ली घ्यायची ठरवली. अबोल माणसानं तिपाई रोवली, कॅमेरा बसवला आणि तो घरघरायला लागला. गल्लीतल्या लोकांनी कॅमेरा पाहिला आणि सगळी गल्ली जागच्या जागी थांबली. कासाराच्या हातात बाईचं मनगट, बांगडी अर्धी चढलेली. एक म्हातारा तंबाखू मळत होता, त्याचा अंगठा तळहातावर तसाच. हलवाई कढईवर हात धरून उभा, आणि कढईत जिलेबी करपायला लागली तरी त्याची नजर हलेना. साहेब ओरडले, "अहो, चाला! बोला! नेहमीसारखं करा!" कोण चालतंय? लोक श्वास धरून 'झालं'ची वाट बघत होते. शेवटी मामाजींनीच "झालं!" म्हणून हाक दिली तेव्हा सगळ्यांनी एकदम श्वास सोडला आणि हलवाई जिलेबीकडं बघून कपाळ बडवायला लागला.

मी पोट धरून हसले. आजही हसते.

मग मामाजींची पाळी आली. कोट, टोपी, एक हात सागवानी पेटीवर, छाती पुढं. कॅमेरा घरघरला आणि आमचे मामाजी पडद्यावरच्या राजवाड्याइतकेच स्थिर झाले. पापणीही लवेना. साहेब गोडीनं म्हणाले, "भाऊ, जरा हालचाल करा. काचेची पेटी उचला, इकडून तिकडे जा."

मामाजी ओठ न हलवता म्हणाले, "हाललो तं भूत निंघते नं साहेब."

भूत म्हणजे हललेल्या माणसाचा काचेवर उमटणारा पांढुरका फराटा. साहेबांनी समजावलं, की आमच्या कॅमेऱ्यात हललेलंच चांगलं दिसतं. मामाजींनी मान डोलावली, समजलं म्हणाले आणि कॅमेरा सुरू झाल्यावर पुन्हा तसेच. तीस वर्षांची सवय होती. हलणं म्हणजे बिघडवणं, हे त्यांच्या हाडात गेलं होतं. एक रीळ गेलं, दुसरं गेलं. तेव्हा मात्र मी हसायची थांबले, कारण कोटाच्या कॉलरखाली त्यांची मान घामानं निथळत होती.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी दोन गोष्टी काढल्या. पहिली पडद्याची. एवढं जंगल, एवढी नदी, मार्कंड्याची कोरीव देवळं मागं असताना हे बाजारी चित्र कशाला, असं त्यांचं म्हणणं. मामाजी शांतपणे म्हणाले, "जंगल तं त्याइच्या घरी आहे साहेब. रोज पायतेत. दोन दिवस चालत येऊन पुन्हा जंगलच दाखवू का त्याइले?" पडदा राहिला. मला मामाजींचा इतका अभिमान वाटला, की त्या दिवशी मी त्यांना भातावर दोन वेळा तूप वाढलं.

दुसरी गोष्ट माझी. साहेबांनी विचारलं, "ही मुलगी मधेमधे कापडाखाली का जाते?"

"धूळ झटकते," मामाजी म्हणाले.

"मग ती आधीच झटकून घेऊ या. फ्रेममध्ये फक्त तुम्ही पाहिजेत. फिल्म तुमच्यावर आहे."

मामाजींनी माझ्याकडं पाहिलं नाही. मी परातीत तांदूळ निवडत होते, निवडतच राहिले. दिवस मावळताना साहेब आले आणि म्हणाले, की आता एकच रीळ उरलंय. सकाळी जमलं तर ठीक, नाहीतर नागपूरला एक मोठा स्टुडिओ आहे, तिथं जाऊन काम आटपू. माणूस वाईट नव्हता. बोलताना त्याचाही चेहरा उतरला होता. मामाजींनी त्या रात्री लाखोरीचं वरण तसंच ठेवलं आणि भिंग पुसत बसले. स्वच्छ भिंग किती वेळ पुसायचं याला काही सुमार असतो.

नातीनं इथं मला मधेच विचारलं, "आजी, पण फोटोवाल्यावर फिल्म करणं अवघडच ना? तो काय बघतो ते कसं दाखवणार?" हुशार आहे पोरगी. मीही तेच म्हणते. सुताराचं काम दिसतं, कुंभाराचं दिसतं. पाहणाऱ्याचं काम दिसत नाही, दिसते ती त्याची पाठ आणि काळं कापड. म्हणून तर बिचाऱ्यांना समुद्राकाठी चालायला लावतात. पण त्या सकाळी मी ते काम दिसताना पाहिलं आहे, आणि मीच काय, मुंबईच्या कॅमेऱ्यानंही पाहिलं.

सकाळी नऊच्या सुमाराला दोघी म्हाताऱ्या बहिणी आल्या. थोरली जनाबाई, गोंडपिपरीकडची. धाकटी रुक्मा, लहानपणीच सिरोंच्याकडं दिलेली, इतकी तिकडची झालेली की बहिणीला तिकडच्या तेलुगूत 'अक्का' म्हणायची. दोघींची भेट वर्षातून एकदा, या जत्रेतच. दरवर्षी फोटोच्या तंबूपाशी उभ्या राहून 'पुढच्या साली काढू' म्हणायच्या आणि जायच्या. त्या वर्षी रुक्माची कंबर वाकली होती.

जनाबाई म्हणाली, "भाऊ, आज काढा. दोन पायजेत, एक तिले, एक मले. थे पुढच्या साली येते का नाई, देव जाने."

"तूच नाई आली तं?" रुक्मा म्हणाली. "अक्का, तू बी तं म्हातारीच आहेस."

दुपारी दोघींच्या बंड्या दोन दिशांना निघणार होत्या. काच धुवून, वाळवून, उन्हात दोन कागद छापायला जेमतेम तेवढा वेळ. फोटो बिघडला तर दुसरा काढायला सवड नव्हती. साहेबांनी अबोल माणसाला खूण केली आणि शेवटचं रीळ चढलं. मला, बघ्यांना आवरायला बांधलेल्या दोरीच्या पलीकडं उभं केलं होतं.

दोघी जिन्याच्या चित्रापुढं बसल्या. जनाबाईनं बहिणीचा पदर डोक्यावर नीट केला, रुक्मानं तिचा हात आपल्या मांडीवर घट्ट धरला. मामाजी कापडाखाली गेले. फिल्मचा कॅमेरा सुरू झाला. चकती फिरताना मला दिसत होती. पुढं, मागं, पुन्हा पुढं, पुन्हा मागं. कापडाखालून खाकरल्याचा आवाज आला. चकती परत फिरली. मला कळत होतं त्यांना काय दिसतंय ते: धुकं, आणि धुक्यात दोन डाग. ते तसंच भिंगाची टोपी काढून तीन अंक म्हणू शकत होते. फिल्ममध्ये कुणाला कळणार होतं? बघणाऱ्यांना ऐटबाज फोटोवाला दिसला असता आणि त्या दोघी दुपारी धूसर कागद घेऊन आपापल्या वाटेनं गेल्या असत्या. भाबड्या होत्या, फोटो असाच असतो म्हणाल्या असत्या.

मामाजींनी कापडातून डोकं काढलं. टोपी सरळ केली. आणि चालत, हो चालत, दोरीपर्यंत आले. भर गर्दीत, चालू कॅमेऱ्यापुढं म्हणाले, "सुनबाई, मले दिसत नाई. तू पाय."

जत्रेचा गलका चालूच असणार, पण मला काही ऐकू येईनासं झालं. मी दोरीखालून गेले. कापडाखाली शिरले. काचेवर दोघी बहिणी उलट्या, धुरकट. मी चकती एक केसभर मागं घेतली आणि त्या आल्या. सुरकुत्या आल्या, नाकातली चमकी आली, एकमेकींत अडकलेली बोटं आली. मी म्हटलं, "आल्या मामाजी." त्यांनी काच सरकवली, भिंगाची टोपी हातात घेतली आणि आवाज चढवून म्हणाले, "श्वास धरा!" त्यांचा आवाज इतका मोकळा मी त्या तीन दिवसांत ऐकला नव्हता.

अबोल माणूस कॅमेरा थांबवायला गेला होता. साहेबांनी त्याचा हात धरला आणि चालू ठेव अशी खूण केली. मामाजींनी काच काढली, तंबूत नेली, बाहेर आले, माझ्यावर खेकसले, "पानी आन व लवकर," उन्हात चौकट धरली, कागद उलटून बघितला, दोघी बहिणींना "हालल्या नाई हो, खरंच नाई हालल्या" म्हणून शाबासकी दिली. रीळ संपेपर्यंत हे चाललं आणि त्यांना कॅमेऱ्याची आठवणही राहिली नाही. बंड्या निघायच्या आत दोघींच्या हातात फोटो पडले. रुक्मानं तो उलटा धरून पाहिला, मग सुलटा केला आणि तोंडाला पदर लावून रडली.

साहेब जाताना मामाजींच्या पाया पडले. मामाजींना मात्र वाटत होतं, की आपण स्वतःच्या हातानं फिल्म घालवली. परतीच्या डोंग्यात एवढंच म्हणाले, "आंधळ्या फोटोवाल्याची फिल्लम कोन काढते?" मी नदीच्या पाण्यात हात घालून बसले.

दिवाळीनंतर चांद्याच्या थेटरात ती लागली. मुख्य सिनेमाच्या आधी सरकारी चित्रफीत दाखवत, तिच्या जागी. दुपारच्या तीनच्या खेळाला आम्ही दोघं गेलो. तोवर मामाजींचे डोळे फार उतरले होते, पडद्यावर उजेड हलतोय एवढंच समजायचं. कोट घातला होता. मी शेजारी बसून हळू आवाजात सांगत होते: आता वैनगंगा दिसतेय. आता गल्ली. आता तुम्ही. छान दिसताय मामाजी, खरंच छान दिसताय.

"आता काय चालू आहे?"

"आता तुम्ही दोरीपाशी आलात. मला बोलावताय."

पडद्यावर मी कापडाखाली वाकलेली होते आणि चकतीवर माझा हात, एवढा मोठा हात, सगळ्या भिंतीला पुरेल असा. मागून हिंदीत भरदार आवाज सांगत होता, की वय झालेल्या या कलाकाराला त्यांची सहायिका मदत करते.

मामाजी उभे राहिले. मी त्यांचा कोट ओढला, तरी उभे राहिले. मागचे लोक "बसा हो" म्हणायला लागले. दाराशी असलेला माणूस बॅटरी घेऊन धावत आला. त्या बॅटरीच्या उजेडात मामाजींनी लोकांकडं तोंड केलं आणि मार्कंड्याच्या जत्रेत हाक देत तशा आवाजात म्हणाले, "सहायिका कोन? माही सून आहे थे. फोटोवाली आहे. येत्या शिवरात्रीले मार्कंड्यात थेच फोटो काढनार आहे, म्या फक्त अंक म्हननार. या समदे!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या डोळ्यांना धार लागली होती आणि पडद्यावरचं पुढचं काहीही मला दिसलं नाही. पुढच्या जत्रेत कॅमेऱ्यामागं मी उभी राहणार, हे मला घरात कुणी सांगितलं नव्हतं. थेटरातल्या सगळ्या लोकांबरोबर ते मलाही तेव्हाच कळलं.